मावळती बाजू

आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो. कालची मेथी आजची म्हणून अमरावतीच्या बाजारात खपवली, शेवंतीच्या हारात आतून कोमेजलेली फुलं ओवली आणि वर देवाची शपथही घेतली. माळ्याचा धंदा आहे, एवढं चालतंच, असं मनाला सांगत आलो. त्यातलं एकही खोटं आज मला नीट आठवत नाही. आठवतं ते एकच, दोन शब्दांचं. "दगड हाय." ते मी जमिनीखाली वीस हातांवर उभा राहून बोललो आणि वर बसलेल्या माणसाने ते खरं मानलं.

आमचं गाव भातकुलीपासून दीड कोसावर, खारपाणपट्ट्यात. जमीन काळी कुळकुळीत, कापूस झकास, पण विहीर खणावी तर हाती मीठ. त्या पाण्याने तहान भागत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा टणकच राहतो. आमच्या भागात सोयरीक जुळवताना मुलीचा बाप शेतीच्या आधी विचारतो, तुमच्या गावात डाळ शिजते का? आमच्या गावात शिजायची. नाल्याकाठच्या वाळूत एक उथळ विहीर होती, तिचं पाणी गोड. अख्खं गाव तिच्यावर जगत होतं आणि आम्ही भाव खात होतो.

मग ते पाणी हळूहळू बिघडत गेलं. एखाद्या उन्हाळ्यात जरा मचूळ, पुढच्या उन्हाळ्यात जास्त. माझ्या मळ्यातली वांगी पानं मुडपून बसायला लागली. आमची माय, म्हणजे माणिकबाई, डाळीत चिमूटभर सोडा टाकायला लागली आणि तेव्हा मला भीती वाटली.

कारण काय ते गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. रहमतुल्ला पिंजारी. आम्ही सगळे त्यांना रहमतचाचा म्हणायचो. वय सत्तरीच्या घरात, बांधा काटकुळा, दाढी त्यांच्याच पिंजलेल्या कापसासारखी. त्यांचे आजोबा अकोल्याकडून आमच्या गावात आले ते मीठ काढायला. गोड्या विहिरीपासून दोनशे पावलांवर मिठाची जुनी विहीर होती. सत्तर हात खोल आणि इतकी अरुंद की माणसाने हात पसरले तर दोन्हीकडे बोटं टेकावीत. आतून निर्गुडीच्या काड्यांचं विणलेलं अस्तर. खारं पाणी उपसायचं, वाफ्यात वाळवायचं आणि मीठ विकायचं. पुढे सरकारने ते काम बंद पाडलं, मीठ रेल्वेने यायला लागलं. चाचांच्या बापाने पिंजण हाती घेतलं आणि विहीर तशीच उघडी राहिली.

"रोज उपसा होता तवा ते पानी खाली रायत होतं," चाचांनी मला समजावलं. "उपसा गेला, पानी वर चढलं. अस्तर सडलं. आता ते आडवं शिरून राह्यलं गोड्या वाळूत. वरून झाकण ठेवून काई होत नाई, बेटा. वाळूच्या खालून तोंड बंद करा लागते."

मी तालुक्याला अर्ज केला. उत्तर आलं की सदरहू विहीर कोणाच्या मालकीची कागदोपत्री दिसत नाही, तरी ज्यांना गरज असेल त्यांनी ती स्वखर्चाने बुजवावी. मीठ विकलं तेव्हा तिला मालक होता, सरकारी कर होता, शिपाई होता. बुजवायची वेळ आली तेव्हा ती कोणाचीच नव्हती.

मग मीच घरोघर फिरलो. जो भाग घेईल त्याच्या शेताला गोड्या पाण्याची पाळी मिळेल, असं बोललो. बोलायला मी वाईट नव्हतो. बाजारात शिळी भाजी विकणाऱ्याला ते यावंच लागतं. भाग अकरा घरांनी घेतले. कोणी पैसा घातला, कोणी बैलजोडी, कोणी दगडाच्या गाड्या. आपलं काही घालून दोन वर्षांनी फळ मिळण्याची वाट बघायची, ही आमच्या गावाला नवी गोष्ट होती. आम्ही पेरतो आणि सहा महिन्यांत कापतो.

चावडीवर बैठक भरली तेव्हा पुंजाराम उठला. हा गावातला तिखट तोंडाचा माणूस, पण भाग त्याचाही होता. एक साल आधी तिकडे दहीहांड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीचं पाणी उकळून कायदा मोडला होता, ते सगळ्यांच्या तोंडी होतं. पुंजाराम म्हणाला, "तिकडं लोक मिठासाठी जेलात गेले, अन् हा माळी मिठावर माती टाकून राह्यला! बरं, टाका. पन हे नाई साधलं त आमचं बुडते. या म्हाताऱ्याचं काय जाते?"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माह्याजवळ घालायले काई नाई, खरं हाय. जबान हाय. पानी गोडं नाई झालं त मी या गावचं पानी पिनार नाई."

सूर्यभान पाटलांनी त्यांना खाली बसवलं, असं काही बोलू नका म्हणून. पण शब्द गेला होता. त्या शब्दावर उरलेले दोघे-तिघे तयार झाले, हे मला तिथेच दिसलं आणि मी खूश झालो.

माघापासून चैत्रापर्यंत दगड टाकत होतो. मग मोट लावून वरचं पाणी उपसलं आणि चिकणमातीची वेळ आली. चाचांचं सांगणं स्पष्ट होतं: पाच हात जाडीचा थर, चुना आणि कुटार, म्हणजे भुसा, घालून मळलेला, वीतवीतभर टाकून लाकडी धुम्मसाने ठोकायचा. आत एकाच माणसाला जागा, तो माणूस मी. चाचांना उतरणं शक्य नव्हतं. ते काठावर तरट टाकून बसणार आणि ठोक्याचा आवाज ऐकणार.

हसू नका. पिंजाऱ्याचा कान असतो. पिंजणाची तात, म्हणजे ताणलेली दोरी, वाजते त्यावरून कापसात सरकीचा तुकडा राहिला की नाही हे त्याला न बघता कळतं. चाचांनी पिंजलेल्या गादीत कधी कोणाला खडा टोचला नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी बायको शकुन आठव्या महिन्यात होती. त्याआधी दोनदा तिची कूस रिकामी झालेली. विहीर बुजवणं म्हणजे पाप, पाण्यातल्या देवी कोपतात, हे माय पहिल्या दिवसापासून म्हणत होती, पण मी ऐकून सोडून देत होतो. चिकणमाती मळायला घेतली त्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"गोवर्धना, विहिरीत साती आसरा रायतेत. त्याईले कोंडशील त त्या तुह्या घरातलं कोंडतीन."

"माय, खाऱ्या पाण्यात कोण राहते?"

"तुले काय ठावं? वाट ठेव बाप्पा त्याईले. एवढीशी वाट. कोनाले दिसनार नाई."

तिने वेळू आणून ठेवलाच होता. सात हात लांब, मनगटाएवढा जाड. आतल्या गाठी तिने तापल्या सळईने फोडून आरपार पोकळ केल्या होत्या. शकुन दाराआडून बघत होती. तिचा हात पोटावर होता. ते बघितलं आणि माझं शहाणपण पार वितळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, चाचा यायच्या आधी, मी दोराने वेळू खाली सोडला आणि मावळतीकडच्या भिंतीशी, अस्तराच्या काड्यांत उभा खोचला. खालचं टोक दगडांत, वरचं टोक मातीच्या थराच्या वर राहील असं. मग चाचा आले, बिस्मिल्ला म्हणून त्यांनी मातीचा पहिला गोळा आपल्या हाताने आत टाकला आणि काम सुरू झालं.

पहिला दिवस पार पडला. मी मावळतीकडे धुम्मस जपून मारत होतो, वेळू फुटू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी वरून आवाज आला, "गोवर्धन, मावळतीकडं मार."

मी मारला.

"अजून एकदा."

मी पुन्हा मारला. मग चाचा म्हणाले, "मावळती बाजू हलकी वाजून राह्यली, बेटा. काई पोकळ हाय तिथं."

मी वर बघितलं. थाळीएवढं आभाळ आणि त्यात त्यांचं डोकं. अंगावरून घाम निथळत होता, तोंडात चुन्याची चव होती. खरं सांगायला तेव्हा काहीच लागलं नसतं. हसले असते, वेळू उपटला असता, मायची समजूत काढली असती.

"दगड हाय," मी म्हणालो. "खालचा वर आला."

"दगड असा नाई वाजत."

मी धुम्मस पुन्हा उचलला. ते म्हणाले, "बरं. तू खाली हायस, तुले दिसून राह्यलं. मी त नुस्ता ऐकून राह्यलो." आणि त्यांनी पुढची टोपली सोडायला सांगितली.

ज्येष्ठात शकुनला मुलगी झाली. ठणठणीत, रडून घर डोक्यावर घेणारी. माय माझ्याकडे बघून मान डोलवायची आणि मीही डोलवायचो. पावसाळाभर विहिरीचं पाणी असं गोड लागलं की पुंजारामने स्वतः चाचांना चहा पाजला. मी चारचौघांत छाती काढून फिरलो. अकरा घरांत माझं नाव झालं.

माघ आला आणि डाळ शिजेना.

आधी बायका कुजबुजल्या, मग बाप्ये बोलायला लागले. फाल्गुनात पाणी आदल्या सालाहून खारं झालं. लोक माझ्याकडे आले नाहीत. मी तर खाली उतरून घाम गाळलेला माणूस! ते चाचांकडे गेले. पुंजाराम पिंजाऱ्याच्या ओट्यासमोर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "काहून चाचा, कान बुढा झाला का? का मातीत चुना कमी घातला? अन् त्या जबानीचं काय झालं?"

मी तिथेच होतो. पाटील होते, आणखी पाच-सात जण होते. चाचांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, काही मागायला नव्हे, सहज पाहिलं. मी पायातली वहाण नीट करायला खाली वाकलो.

दुसऱ्या दिवसापासून चाचा घागर घेऊन पेढी नदीला जायला लागले. नदी अर्ध्या कोसावर. उन्हाळ्यात तिथे धार नसते, वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरावं लागतं. त्यांची विधवा लेक कुलसुमबी त्यांच्याजवळच राहायची. तिने घागर मागितली तर ते म्हणाले, जबान माझी आहे, ओझंही माझंच. ती स्वतः गावच्याच विहिरीचं पाणी प्यायची, कारण तिने काही शब्द दिला नव्हता. एका घरात दोन माठ झाले.

त्यांची वाट माझ्या मळ्याच्या बांधावरून होती. रोज सकाळी मी वांगी तोडत असायचो आणि ते जायचे. "राम राम, गोवर्धन." येताना खांद्यावर घागर, मान एका बाजूला वाकलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, आज सांगून टाकू. आठव्या दिवशीही वाटलं. मग मी त्या वेळेला मळ्याच्या दुसऱ्या टोकाला काम काढायला लागलो. तिकडे वांगी नव्हती, नुसतं गवत होतं. गवत काढत बसायचो आणि बांधावरून चाललेली पावलं मोजायचो. माझी मला इतकी घाण वाटायची की जेवताना मुलीला मांडीवर घ्यायला नको वाटे.

लाज वाटणं ही मोठी गोष्ट नव्हे. लाज वाटत असताना माणूस सगळं करतो: जेवतो, झोपतो, बाजार करतो. मी वर्षभर केलं.

पुढच्या फाल्गुनात शकुन मुलीच्या गोधडीसाठी कापूस घेऊन चाचांकडे गेली आणि कापूस तसाच परत घेऊन आली.

"पिंजत नाई म्हनतेत आता," ती म्हणाली. "पिंजण खुंटीले टांगून ठेवलं. म्हनतेत, माह्या कानाचा भरोसा नाई रायला. सरकी रायली त लेकराले टोचंल."

मी ताटावरून उठलो. म्हातारा पाण्याला जातो, हे मी पचवलं होतं. पण त्यांनी आपल्या कानावरचा विश्वास सोडला होता, तोही माझ्या दोन शब्दांपायी. त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर जाऊन उभा राहिलो. ते घागर भरून येत होते. मी समोर झालो आणि सगळं एका दमात बोललो. वेळू, माय, शकुन, मावळती बाजू. बोलताना मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. वाळू लागलेले, भेगाळलेले पाय.

त्यांनी घागर खाली ठेवली.

"मावळतीकडं?"

"हो."

"भिंतीले लागून?"

"हो, चाचा."

"केवढा जाड?"

मी मनगट दाखवलं.

ते मटकन बांधावर बसले आणि हसायला लागले. गुडघ्यावर हात मारून मारून हसले. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होते. "म्हंजे पोकळच होतं! मी म्हनलो होतो का नाई? दगड असा नाई वाजत! या अल्ला, माहे कान शाबूत हायत!"

मला वाटलं होतं, ते शिव्या देतील, थोबाडीत मारतील. तेच हवं होतं मला. हा आनंद सोसवत नव्हता. "चाचा, मारा मले," मी म्हणालो.

"काहून मारू? माहे कान परत आनून देल्ले तू." मग हसणं थांबलं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि नाल्याकडे बघत म्हणाले, "पन वरीस गेलं, गोवर्धन. मी रोज रात्री तो आवाज आठवत होतो. दगडच असंन, दगडच असंन म्हनून माह्याच मनाले मारत होतो." उठताना ते म्हणाले, "मले सांगतलं. आता गावाले सांग."

गावाला मी सांगितलं. चावडीवर, अकरा घरांसमोर. पण तिथेही मी सरळ नव्हतो. पुंजाराम डोळे वटारून पुढे आला आणि माझ्या तोंडून निघालं, "मायनं सांगतलं होतं म्हणून." बाजूच्या ओट्यावर बायकांत माय बसली होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती पदर सावरून उठली आणि घरी गेली.

मी घरी आलो तेव्हा ती दळत होती. जातं न थांबवता म्हणाली, "वेळू म्या देल्ला. आसराईची वाट म्या मागतली. पन 'दगड हाय' म्हन, असं म्या नाई सांगतलं तुले."

पाटलांनी निकाल दिला: काम पुन्हा होईल, खर्च आणि मेहनत गोवर्धनची. योग्यच होतं. बाजाराची बैलजोडी विकली. चैत्रात थरावर लोटलेली माती उपसत मी पुन्हा खाली गेलो. वेळूच्या तोंडाशी पोचलो तेव्हा त्यातून पाणी झरत होतं, स्वच्छ, नितळ पाणी. बोट लावून चाखलं तर जीभ आवळली. वेळूच्या आत बोटभर मिठाचा थर चढला होता. आसरा त्या वाटेने गेल्या की नाही मला माहीत नाही. मीठ मात्र गेलं होतं, दोन वर्षं, रोज, सरळ गोड्या वाळूत.

वेळू उपटताना आसरा आठवल्या. घरी चालायला शिकलेली पोर होती. भोकात माती ठासली, थर पुन्हा ठोकला. वर चाचा तरटावर बसलेले. "मावळतीकडं मार," ते म्हणाले. मी मारला. "आता?" मी म्हणालो, "आता काही नाई चाचा, नुस्ती माती." ते म्हणाले, "हो. माती वाजून राह्यली."

दुसऱ्या दिवशी मुलीला ताप आला. माय उशाशी बसून राहिली, मला एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तेव्हाही बोलली नाही.

पिंजण खुंटीवरून उतरलं. शकुनची गोधडी झाली. पण चाचांची घागर सुटली नाही. "वाळूत शिरलेलं मीठ धुवून जायले दोन पावसाळे लागतीन," ते म्हणाले. "गोडं झालं का पीन. शब्द गोड्या पान्याचा होता, गोवर्धनच्या वेळूचा नाई." मी घागर मागितली, बैल नसलेली माझी गाडी हाताने ओढत नेतो म्हणालो. त्यांनी दिली नाही. मी रोज बांधावर उभा राहायचो, ते "राम राम" म्हणायचे, मी म्हणायचो. एवढंच त्यांनी मला करू दिलं.

दुसरा पावसाळा संपला आणि आश्विनातल्या एका सकाळी कुलसुमबीच्या रडण्याने गाव जागं झालं. चाचा झोपेतच गेले होते.

आम्ही सगळे त्यांच्या दारात जमलो. भातकुलीहून त्यांचे नातेवाईक आले. दुपारच्या नमाजाआधी दफन करायचं ठरलं. मयताला शेवटची आंघोळ घालायला पाणी हवं होतं. तेवढ्यात पुंजाराम डोक्यावर भरलेली घागर घेऊन आला. गावच्या विहिरीची. त्याचे डोळे सुजले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मान खाली घातलेला पाहिला.

"कुलसुम, हे घे," तो म्हणाला. "पानी गोडं झालं. परवा आमच्या घरी डाळ शिजली. चाचाले आपल्या गावचं पानी लागू दे, बाई. माह्या हातचं."

"हो, गोडं झालं," पाटील म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनाच ते गोड व्हायला हवं होतं.

कुलसुमबी दारात उभी होती. तिने घागरीला हात लावला नाही. म्हणाली, "बाबानं सांगून ठेवलं हाय. गोडं झालं का नाई हे गोवर्धनले इचारजो. तो खाली होता."

पुंजारामने घागर माझ्यापुढे धरली. मी ओंजळ केली. पाणी थंड होतं, जिभेवर गोड लागलं. मला बरं वाटलं. मग ते घशाखाली उतरलं आणि जिभेच्या मुळाशी बारीकसं, अगदी बारीकसं मीठ राहिलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मी ते मीठ ओळखत होतो.

सगळे माझ्याकडे बघत होते. पुंजाराम घागर तशीच धरून उभा होता. ऊन वर चढत होतं. एक शब्द बोललो असतो तर सगळ्यांचं समाधान झालं असतं, माझंही.

"अजून खारं हाय," मी म्हणालो.

कोणीतरी चिडून "काय हे" म्हणालं. पुंजाराम मला मारतो की काय असं वाटलं. कुलसुमबीने मात्र आत जाऊन चाचांची घागर आणली आणि माझ्या हातात दिली.

मी नदीकडे निघालो. झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरलं. येताना चढावर दोनदा खांदा बदलावा लागला आणि माझ्या मळ्याच्या बांधावर थांबून दम घ्यावा लागला. मी तेव्हा पस्तिशीचा होतो. चाचा सत्तरीत हे रोज करत होते, अडीच वर्षांहून जास्त, आणि त्यातलं पहिलं वर्ष मी याच बांधाच्या पलीकडे पाठ करून गवत काढत होतो.